संगणकाचा दुभाष्या

पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्ली म्हणून एक अरुंद गल्ली आहे. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानांनी ती सदैव गजबजलेली असते. अशाच एखाद्या दुकानात दुरुस्त केलेला एक जुना संगणक पुण्यातील एका साध्या घरात आला, अशी कल्पना करा. नवा संगणक घेणे घरच्यांना परवडण्याजोगे नव्हते; परंतु हा जुना संगणक चांगला धडधाकट होता. विंडोज या सर्वपरिचित कार्यप्रणालीची नवी आवृत्ती त्यावर चालत नव्हती, म्हणून थोरल्या बहिणीने त्यात लिनक्स ही विनामूल्य मिळणारी कार्यप्रणाली बसविली. अभ्यास, लेखन, चित्रे काढणे, सारे सुरळीत सुरू झाले. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावाने साठविलेल्या पैशांतून एक खेळ विकत घेतला, मोठ्या आशेने त्याच्या चित्रावर टिचकी मारली आणि तो पडद्याकडे डोळे लावून बसला. पडदा मात्र ढिम्म राहिला. खेळाची माहिती त्याने पुन्हा वाचली, तेव्हा बारीक अक्षरांतील एक ओळ त्याच्या दृष्टीस पडली. 'केवळ विंडोजसाठी' असे तेथे लिहिले होते.

संगणक बिघडला होता काय? नाही. खेळ सदोष होता काय? तोही नव्हता. दोघेही आपापल्या जागी उत्तम होते. अडचण एवढीच होती, की एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. ही अडचण का उत्पन्न होते आणि कुशल व चिकाटीच्या माणसांनी तिच्यावर कोणते उपाय शोधले, हे समजून घेण्यासारखे आहे.

संगणकावरील कोणताही खेळ म्हणजे आज्ञांची एक फार लांबलचक यादी होय. या आज्ञा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारच्या आज्ञा थेट प्रोसेसरला, म्हणजे संगणकाच्या गणन करणाऱ्या भागाला उद्देशून असतात. 'या दोन संख्या मिळव', 'ही संख्या त्या संख्येहून मोठी आहे का पाहा', असे त्यांचे स्वरूप असते. उडालेला चेंडू कोठे पडेल, धावती मोटार वळणावर किती झुकेल, हे सारे हिशेब त्यांतून होतात. दुसऱ्या प्रकारच्या आज्ञा या खरे पाहता विनंत्या असतात. 'डिस्कवरील अमुक फाइल उघडून दे', 'पडद्यावर एक चौकट मांड', 'तोफेचा आवाज ऐकव', 'खेळणाऱ्याने कोणती कळ दाबली ते सांग', अशा या विनंत्या कार्यप्रणालीकडे जातात. कार्यप्रणाली ही जणू संगणकाच्या घराची कारभारीण होय. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला असतात. तिला विचारल्यावाचून कोणत्याही पाहुण्याने कोठीत शिरावयाचे नाही, असा घराचा नियम असतो.

आता प्रत्येक कारभारणीची रीत निराळी असते. एखाद्या कचेरीत अर्ज करावयाचा तर तो त्या कचेरीच्या ठराविक नमुन्यावरच लिहावा लागतो. काम तेच असले, तरी दुसऱ्या कचेरीत नमुना निराळा, खिडकी निराळी आणि कारकूनही निराळा. विंडोजसाठी रचलेला खेळ विंडोजच्या नमुन्यावर अर्ज लिहीत असतो. लिनक्सच्या खिडकीवर तो अर्ज नेला, तर तेथे तो कोणालाच वाचता येत नाही. हा भेद अगदी पहिल्या अक्षरापासून सुरू होतो. विंडोजवर चालणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीच्या फाइलीच्या आरंभी 'एम' आणि 'झेड' ही दोन रोमन अक्षरे असतात. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. लिनक्स मात्र आरंभी 'ई-एल-एफ' या अक्षरांची खूण शोधते. खूण जुळली नाही, की पाहुण्याला उंबरठ्यावरच थांबावे लागते.

यावर पहिला उपाय सरळ आहे. खेळाच्या निर्मात्यांनीच तो लिनक्ससाठी नव्याने सिद्ध करावयाचा. हे भाषांतरासारखे काम होय. कालिदासाचे शाकुंतल मूळचे संस्कृत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते मराठीत आणले आणि १८८० साली पुण्याच्या रंगभूमीवर 'संगीत शाकुंतल' अवतरले. त्यानंतर संस्कृत न जाणणारा प्रेक्षकही शकुंतलेच्या दुःखाने हेलावू लागला. परंतु खेळाचे भाषांतर करावयाचे तर त्याची मूळ लिखित संहिता हाती असावी लागते आणि ती बहुधा निर्मात्यांपाशीच असते. भाषांतराला वेळ आणि पैसा लागतो. लिनक्सवर खेळणारे लोक थोडे असल्याने कित्येक निर्माते हा खटाटोप करीत नाहीत.

दुसरा उपाय म्हणजे एकाच संगणकात दोन कार्यप्रणाली बसवावयाच्या. संगणक सुरू करताना ज्या कारभारणीला बोलवावे, तिचे राज्य सुरू होते. तिसरा उपाय याहून चमत्कारिक आहे. लिनक्सच्या आत एक काल्पनिक संगणक उभा करावयाचा आणि त्या काल्पनिक संगणकात विंडोज बसवावयाची. यास आभासी संगणक म्हणतात. हे दोन्ही उपाय उपयोगी खरे. पण दोहोंसाठी विंडोज स्वतंत्रपणे विकत घ्यावी लागते. शिवाय आभासी संगणकामुळे एकाच घरात दोन चुली पेटतात. जुन्या, अशक्त संगणकाला एवढा भार सोसत नाही.

अशा प्रसंगी चौथा उपाय कामास येतो. तो आहे दुभाष्याचा.

दुभाष्या म्हणजे दोन्ही भाषा जाणणारा मध्यस्थ. १७८६ पासून पुण्याच्या पेशवे दरबारी चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. अशा परक्या वकिलाशी दरबारी मंडळींची बोलणी व्हावयाची, तर मध्ये भाषा जाणणारा माणूस हवाच. दुभाष्या संपूर्ण ग्रंथाचे भाषांतर करून ठेवीत नाही. बोलणारा जसजसे बोलतो, तसतसे तो ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगतो आणि उत्तर आले की ते उलट पोहोचवितो. बोलणाऱ्याला स्वतःची भाषा सोडावी लागत नाही आणि ऐकणाऱ्यालाही नवी भाषा शिकावी लागत नाही.

संगणकाच्या जगात असा दुभाष्या निर्माण करण्याचे काम १९९३ साली सुरू झाले. लिनक्सचा जन्म त्यापूर्वी केवळ दोन वर्षे, १९९१ साली, फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याच्या हातून झाला होता. विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावली लिनक्सवर चालाव्यात, या हेतूने बॉब ॲमस्टॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'वाईन' नावाचा प्रकल्प हाती घेतला. १९९४ पासून त्याची धुरा अलेक्झांडर ज्युलियार्ड या गृहस्थांनी वाहिली. 'वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर' या वाक्याच्या आद्याक्षरांवरून हे नाव साधले आहे. 'वाईन ही दुसऱ्या यंत्राची नक्कल नव्हे', असा त्याचा अर्थ. तो अर्थ पुढे स्पष्ट होईल.

वाईनचे काम कसे चालते? प्रथम ती 'एम-झेड' खुणेची फाइल वाचते आणि खेळाच्या आज्ञा संगणकाच्या स्मृतीत योग्य जागी मांडते. नंतर खेळ सुरू होतो. प्रोसेसरसाठी असलेल्या पहिल्या प्रकारच्या आज्ञांना वाईन हातही लावीत नाही. घरगुती संगणकांत बहुधा असणारा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर विंडोजखाली असो वा लिनक्सखाली, बेरीज तीच करतो. खेळाने एखादी विनंती केली, की मात्र वाईन पुढे होते. खेळ म्हणतो, 'सी ड्राइव्हवरील अमुक फाइल दे.' लिनक्समध्ये सी ड्राइव्ह नावाची वस्तूच नसते. वाईनने एका साध्या फोल्डरला ते नाव देऊन ठेवलेले असते. ती लिनक्सकडून त्या फोल्डरातील फाइल मागून घेते आणि खेळाच्या हाती ठेवते. आपण परक्या घरी आहोत, याचा खेळाला पत्ताही लागत नाही.

ऐकावयास हे सोपे वाटते. पण विंडोजकडे करता येणाऱ्या विनंत्या हजारो आहेत. त्यांतील प्रत्येकीला नेमके काय उत्तर द्यावयाचे, हे ठरविणे फार कष्टाचे होते. मायक्रोसॉफ्टची मूळ संहिता ही त्या कंपनीची मालमत्ता असल्यामुळे ती पाहून उतरविणे न्यायाचे नव्हते. म्हणून वाईनच्या कार्यकर्त्यांनी निराळा मार्ग धरला. प्रसिद्ध झालेली माहिती त्यांनी वाचली. विंडोजला प्रश्न विचारून ती काय उत्तर देते, हे बाहेरून पाहिले आणि तसेच उत्तर देणारी आज्ञावली स्वतःच्या बुद्धीने लिहिली. शेजारच्या घरच्या आमटीची चव घेऊन आपल्या घरी तशी आमटी करावी, पण शेजारणीच्या वहीतील कृती चोरू नये, तसा हा प्रकार होता. गमतीची गोष्ट अशी, की कित्येक जुने खेळ विंडोजच्या चुकांनाच सरावलेले असतात. विंडोज एखादे उत्तर चुकीचे देत असेल, तर तेच उत्तर मिळेल असे गृहीत धरून खेळ रचलेला असतो. म्हणून दुभाष्याला त्या चुकादेखील जशाच्या तशा शिकाव्या लागल्या. वाईनची १.० ही आवृत्ती १७ जून २००८ रोजी प्रसिद्ध झाली. आरंभापासून तोवर पंधरा वर्षे लोटली होती!

साध्या आज्ञावली या रीतीने चालू लागल्या, तरी खेळांचे कोडे पूर्ण सुटले नाही. खेळाला चित्रे हवीत आणि तीही वेगाने हवीत. एका सेकंदात ६० चित्रे दाखवावयाची, तर एका चित्रासाठी साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. डोळ्याचे पाते लवण्यास याहून कितीतरी अधिक वेळ लागतो. चित्रे काढण्यासाठी विंडोजवरील खेळ 'डायरेक्ट-थ्रीडी' नावाची परिभाषा वापरतात. ती लिनक्सला समजत नाही. २०१६ साली 'व्हल्कन' नावाची एक नवी परिभाषा प्रसिद्ध झाली. ती कोणत्याही एका कार्यप्रणालीशी बांधलेली नव्हती. तेव्हा चित्रांसाठी एक वेगळा दुभाष्या तयार करण्यात आला. डायरेक्ट-थ्रीडीतील आज्ञा ऐकून त्या व्हल्कनमध्ये सांगणे हे त्याचे काम. त्याचे नाव 'डीएक्सव्हीके'. एखादे दृश्य प्रथमच समोर आले, की हे भाषांतर करताना खेळ क्षणभर अडखळतो. पण एकदा केलेले काम साठवून ठेवता येते आणि पुढच्या वेळी तेच दृश्य विनासायास उमटते.

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने वाईन, डीएक्सव्हीके आणि इतर काही साधने एकत्र गुंफून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' नावाचा संच प्रसिद्ध केला. त्यामुळे खेळणाऱ्याला स्वतः जुळवाजुळव करण्याची गरज फारशी उरली नाही. याच कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'स्टीम डेक' हे हातात मावणारे खेळयंत्र विक्रीस आणले. त्याच्या अंतरंगात लिनक्स आहे. तरीही त्यावर विंडोजसाठी रचलेले हजारो खेळ चालतात.

आता नक्कल करणाऱ्या यंत्राविषयी. समजा, कार्यप्रणालीबरोबर प्रोसेसरही निराळा आहे. अशा वेळी विनंत्यांसह बेरीज-वजाबाकीच्या साध्या आज्ञाही परक्या ठरतात. मग खेळाचा शब्द अन् शब्द दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत आणावा लागतो. हे काम करणाऱ्या आज्ञावलीस एम्युलेटर, म्हणजे यंत्राची नक्कल, म्हणतात. एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे सोंग घेऊ शकते, ही कल्पना ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ सालीच मांडली होती. तिला किंमत मात्र वेगाची द्यावी लागते. २०२० साली ॲपल कंपनीने आपल्या संगणकांत इंटेलऐवजी स्वतःचा निराळा प्रोसेसर बसविला, तेव्हा जुन्या आज्ञावली चालाव्यात म्हणून 'रोझेटा २' हा अनुवादक सोबत दिला. प्राचीन इजिप्तची लिपी उलगडण्यास ज्या शिलालेखाचे साहाय्य झाले, त्याचे नाव या अनुवादकास दिलेले आहे.

मधला दुभाष्या ही कल्पना पुण्याला मुळीच परकी नाही. मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्याच संस्थेचे एक लहानसे काम सामान्य माणसाच्या अधिक जवळचे होते. त्या काळच्या छोट्या संगणकांवरील आज्ञावली केवळ रोमन अक्षरे जाणत. नावांच्या याद्या ठेवणारी 'डीबेस' किंवा हिशेबाची 'लोटस' मराठीत कशी वापरावयाची? त्या आज्ञावली पुन्हा लिहिणे अशक्य होते. तेव्हा 'जिस्ट' नावाचे एक कार्ड संगणकात बसविण्यात येऊ लागले. या तंत्राचा उगम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये झाला होता. पुण्याच्या सी-डॅकने ते वाढविले. हे कार्ड कळफलक, आज्ञावली आणि पडदा यांच्या मध्ये बसे. संगणक प्रत्येक अक्षर क्रमांकाने ओळखतो. एकूण २५६ क्रमांकांपैकी पहिले १२८ रोमन अक्षरे व चिन्हे यांच्यासाठी होते. उरलेल्यांत भारतीय लिप्यांना स्थान देण्यात आले. आज्ञावली आपली क्रमांक साठवीत राही आणि जिस्ट त्यांचे देवनागरी रूप पडद्यावर रेखाटी. मूळ आज्ञावलीतील एक अक्षरही न बदलता तिच्याकडून मराठीत काम करून घेता आले. जिस्ट आणि वाईन यांची घडण अगदी भिन्न आहे. पण मूळ सूत्र एकच. दोन बाजू बदलता येत नसतील, तर मध्ये उभा राहणारा शहाणा मध्यस्थ निर्माण करावा.

दुभाष्याच्याही मर्यादा असतात. दूरदूरचे खेळाडू एकमेकांशी खेळतात, अशा काही खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी असतो. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात शिरून पाहू इच्छितो. लिनक्समध्ये तो गाभाच नसल्यामुळे त्याची खात्री पटत नाही आणि तो दार बंद करतो. निर्मात्यांनी परवानगी दिली तरच असे खेळ चालतात. म्हणून खेळ विकत घेण्यापूर्वी तो आपल्या संगणकावर चालतो काय, याची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. दुभाष्या प्रामाणिक असतो. पण बोलणाऱ्याचा हेतू तो पारखत नाही. अनोळखी ठिकाणाहून आणलेली घातक आज्ञावली वाईनने चालविली, तर ती आपल्या फाइलींचा नाश करू शकते. तसेच, दुभाष्या मिळाला म्हणून खेळ फुकट मिळविण्याचा हक्क प्राप्त होत नाही. निर्मात्याच्या श्रमांचे मोल दिलेच पाहिजे.

एवढा खटाटोप केवळ खेळासाठी कशाला, असे कोणी विचारील. परंतु खेळाइतकी कठीण परीक्षा दुसरी क्वचितच असते. चित्र, ध्वनी, वेग आणि अचूकपणा यांची मागणी खेळ एकाच क्षणी करतो. त्या कसोटीस उतरलेला दुभाष्या साध्या कामांतही भरवशाचा ठरतो. शिवाय, २०२१ साली आलेली 'विंडोज ११' अनेक जुन्या संगणकांवर बसत नाही आणि 'विंडोज १०'ला मिळणारे नेहमीचे पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. धडधाकट असूनही असे कित्येक संगणक अडगळीत जाऊ लागतात. त्यांतील शिसे आणि इतर घातक द्रव्ये माती व पाणी दूषित करतात. लिनक्स आणि तिच्या दारी उभा असलेला दुभाष्या यांमुळे त्यांतील काहींना दुसरे आयुष्य लाभते, आणि ज्या घरात नवा संगणक येऊ शकत नाही तेथील मुलाला आपला दरवाजा बंद आहे असे वाटत नाही.

आरंभी कल्पिलेल्या घरात पुढे काय झाले असेल? बहिणीने प्रोटॉन बसविले असेल. पहिल्या प्रयत्नात आवाज आला, पण चित्र आले नाही. दुसऱ्या प्रयत्नात चित्र आले, पण अक्षरे दिसेनात. तिसऱ्या वेळी एक नवी आवृत्ती घेतली आणि पडद्यावर खेळाचे पहिले दृश्य उमटले. धाकट्या भावाने टाळ्या पिटल्या. बहिणीने मात्र आधी एक काम केले. कोणती अडचण आली आणि ती कशी दूर झाली, हे तिने नीट लिहून काढले आणि दुभाष्या घडविणाऱ्या मंडळींकडे धाडले. अशाच हजारो लहानमोठ्या टिपणांतून तो दुभाष्या शहाणा होत आला आहे. उद्या दुसऱ्या गावी, दुसऱ्या जुन्या संगणकापुढे बसलेल्या मुलाला तीच अडचण आली, तर त्याला तीन प्रयत्न करावे लागणार नाहीत.